बायपास फॅट चालू आहे, तरी फॅट लागत नाही

डेअरीच्या पावतीवर ३.१, ३.२ दिसायला लागलं की पहिली धाव खाद्याच्या दुकानाकडं. बायपास फॅटची पिशवी येते, रोज दोनशे ग्रॅम चालू होते, चार-सहा दिवस ३.४ लागते आणि पंधरवड्यात पुन्हा ३.१. मग ब्रँड बदलायचा, नाहीतर डोस वाढवायचा. पुढच्या महिन्यात तेच. संगमनेर, राहुरी, बारामती, फलटण या पट्ट्यातल्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित गाईंच्या गोठ्यांवर ही तक्रार वर्षातून दोनदा तरी निघते. एकदा कडक उन्हाळ्यात, आणि एकदा पावसाळ्याच्या सुरुवातीला कोवळा हिरवा चारा आला की.

आधी एक गोष्ट मान्य करू. बायपास फॅट ही ऊर्जेची पुरवणी आहे: कोठीपोटात, म्हणजे गाईच्या पहिल्या मोठ्या पोटात, न फुटता पुढं जाणारी स्निग्धांशाची पावडर. ताजी व्यालेली, भरपूर दुधाची गाय खाते त्यापेक्षा जास्त ऊर्जा दुधातून बाहेर टाकते. ती तूट भरून काढायला ही पावडर आहे. स्निग्ध पदार्थात पिष्टाच्या सव्वादोनपट ऊर्जा असते, म्हणून थोडक्यात काम होतं. दुधातली फॅट मात्र मुख्यतः कोठीपोटाच्या तब्येतीवर ठरते. कोठीपोट बिघडलेलं असताना वरून पावडर टाकली तर फॅट सुधारत नाही, आणि कधीकधी पावडरच बिघाडात भर घालते. ते कसं, ते पुढं येईल.

पावतीवरचे आकडे एकत्र वाचा

नुसत्या फॅटच्या आकड्यावरून निदान होत नाही. फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातला उरलेला घन अंश) आणि लिटर हे तिन्ही शेजारी मांडा.

फॅट पडली, पण दूध तेवढंच आहे किंवा थोडं वाढलंय, एसएनएफही जागेवर आहे: हा कोठीपोटाचा मामला. खुराक जास्त, लांब धाग्याचा चारा कमी, किंवा खाद्यात तेल जास्त.

फॅट, एसएनएफ आणि दूध तिन्ही पडलं, गाईच्या बरगड्या दिसतात: गाय उपाशी आहे. इथं बायपास फॅटचा उपयोग होऊ शकतो, पण आधी गव्हाण भरायला हवी.

फॅट ठीक, एसएनएफच पडला: कमी ऊर्जा, कमी प्रथिनं किंवा छुपा दगडी (वरून न दिसणारा कासेचा दाह). अशा गाईला आणखी बायपास फॅट दिली तर एसएनएफ अजून घसरेल.

नव्वद टक्के लोकांना पहिल्या प्रकारचा त्रास असतो आणि औषध मात्र ते दुसऱ्या प्रकारचं करतात. हा नव्वदचा आकडा माझा अंदाज समजा, पण फार चुकणार नाही.

आकडाच चुकतोय का?

शेवटच्या धारांत फॅट सगळ्यांत जास्त असते. सुरुवातीच्या धारांत एक-दोन टक्के असेल, तर शेवटच्या धारांत सहा-आठही भरते. धार घाईनं काढली, मशीन लवकर उतरवलं, किंवा शेवटचं दूध वासराला सोडलं की कॅनमधली फॅट तेवढी उतरली. वासराला पाजायचंच असेल तर सुरुवातीला पाजा.

कॅन नीट न ढवळता वरवरचा किंवा तळातला नमुना घेतला तर आकडा फसवतो. फेस असलेल्या, नुकत्या काढलेल्या कोमट दुधावर डिग्रीही (लॅक्टोमीटरचा आकडा) खरी लागत नाही. सकाळची फॅट संध्याकाळच्या फॅटशी ताडून उगाच घाबरू नका: दोन धारांतलं अंतर जितकं मोठं, तितकं दूध जास्त आणि फॅट कमी, म्हणून रात्रीच्या लांब अंतरानंतरची सकाळची फॅट जरा कमीच असते. सकाळ सकाळशी ताडा, संध्याकाळ संध्याकाळशी. शंका राहिलीच तर त्याच दुधाचा नमुना दुसरीकडे गर्बर पद्धतीनं (आम्ल घालून फॅट वेगळी करून मोजायची पद्धत) तपासून घ्या. केंद्रावरचं अल्ट्रासोनिक यंत्र रोज साफ होत नसेल तर ते किती भरकटतं, हे एकदा बघायला मिळालं की भांडणाचा सूरच बदलतो.

गाय की गोठा?

एक दिवस प्रत्येक गाईचा वेगळा नमुना लावा. बहुतेक जण हे करत नाहीत, आणि मग दोन गाईंच्या दोषापायी दहा गाईंना पावडर घालत बसतात.

व्यायल्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी दूध टिपेला असतं आणि फॅट तळाला. एकाच महिन्यात तीन-चार गाई व्याल्या असतील तर त्या टिपेला आल्यावर कॅनची सरासरी खाली येणारच. तो आजार नाही. वंशाचाही भाग आहे: एचएफचं रक्त जास्त असलेल्या गाईकडून ३.३ ते ३.६ मिळते, जर्सीसारखी साडेचार मागू नये.

उलट प्रकारही ओळखून ठेवा. व्यायल्यावर पहिल्या तीन आठवड्यांत एखाद्या गाईला ४.८, ५ फॅट लागते आणि मालक खूश होतो. त्याच वेळी ती खुराकाला तोंड लावेनाशी झाली असेल आणि भराभर उतरत असेल, तर ती फॅट तिच्या अंगावरची चरबी आहे. किटोसिसचा (ऊर्जेच्या तुटीत अंगावरची चरबी भराभर वितळून होणारा आजार) संशय घ्या आणि डॉक्टरांकडून लघवीची किंवा रक्ताची तपासणी करून घ्या. केंद्रावरच्या यंत्रावर प्रथिनांचा आकडा दिसतो म्हणून त्यावरून निदान करू नका. ही साधी यंत्रं प्रथिनं थेट मोजत नाहीत, बांधलेल्या गणितानं काढतात.

कोठीपोट

दुधातली साधारण निम्मी फॅट कासेतच तयार होते, आणि तिचा कच्चा माल म्हणजे चाऱ्याचा धागा कोठीपोटात कुजताना तयार होणारं असेटिक आम्ल. उरलेली निम्मी रक्तातल्या तयार स्निग्धांशातून येते. बायपास फॅट या दुसऱ्या वाटेनं पोचते. पहिली वाट बंद असेल तर दुसरी तिची भरपाई करू शकत नाही.

पहिली वाट बंद कशी होते, तर दोन गोष्टी एकत्र आल्या की. खुराक जास्त आणि चारा बारीक, म्हणून कोठीपोट आंबट होतं. त्यात सरकी, मका, भाताच्या कोंड्यातलं तेल येतं. कोठीपोटातले जिवाणू एरवी हे तेल निरुपद्रवी करून टाकतात. आंबट कोठीपोटात मात्र त्यांची वाट बदलते आणि एक वेगळंच स्निग्धाम्ल तयार होतं, जे थेट कासेत जाऊन फॅट बनवण्याचं काम मंदावतं. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात २००० च्या सुमारास झालेल्या प्रयोगात हे आम्ल दिवसाला जेमतेम १० ग्रॅम चौथ्या पोटात सोडलं, तर दुधातली फॅट चाळीस टक्क्यांहून जास्त घटली. दहा ग्रॅम. म्हणजे खाद्यातला छोटा बदलही पावतीवर का उमटतो, ते यातून कळतं.

आता बायपास फॅटचं. बाजारातली बरीचशी पावडर म्हणजे पामतेलाच्या स्निग्धाम्लांचा कॅल्शियम साबण. बोअरच्या जड पाण्यात साबण वापरला की बादलीच्या कडेला जो पांढरा साका धरतो, तसाच हा पदार्थ. कोठीपोटाचा पीएच (हा आकडा जितका कमी, तितकं पोट आंबट) ६ च्या वर असेल तर हा साबण न फुटता पुढं जातो आणि चौथ्या पोटाच्या तीव्र आम्लात सुटतो. पण कोठीपोटच साडेपाचपर्यंत आंबलं असेल तर तो तिथंच फुटायला लागतो. आतलं ओलेइक आम्ल मोकळं होतं आणि साध्या तेलासारखा त्रास देतं. म्हणजे ज्या गोठ्यावर फॅट पडली म्हणून पावडर चालू केली, नेमक्या तिथंच ती बायपास राहत नाही.

ओळखायचं कसं? गाई निवांत बसलेल्या असताना बघा: बसलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त रवंथ करताना दिसल्या पाहिजेत. शेण पाहा. पातळ, फेसाळ, आंबूस वासाचं, त्यात मक्याचे दाणे दिसत असतील तर उत्तर मिळालं. आज शेण पातळ, उद्या घट्ट, आणि खाणंही असंच कमी-जास्त, हेही त्याचंच लक्षण. पायाच्या, खुरांच्या तक्रारी वाढल्या असतील तर हे प्रकरण बरेच दिवस चालू आहे.

उपाय पिशवीत नाही. दिवसाला दोन ते तीन किलो कडबा किंवा दुसरा सुका चारा पोटात गेलाच पाहिजे, पावसाळ्यात कोवळी मका आणि लसूण घास मुबलक असला तरीही. उलट तेव्हा जास्तच. कुट्टी यंत्रातून पीठ निघत असेल तर पाती बदला. दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा हवा, मुरघासाचा दीड-दोनचा चालतो. धारेच्या आधी रिकाम्या पोटी चार-पाच किलो आंबोण एकदम ओतण्याची आपल्याकडची पद्धत सोडा. आधी चारा, मग खुराक, आणि तोही तीन-चार वेळा विभागून. खाण्याचा सोडा दिवसाला १०० ते १५० ग्रॅम आणि सोबत मॅग्नेशियम ऑक्साइड ४०-५० ग्रॅम हे बायपास फॅटपेक्षा कितीतरी स्वस्त, आणि या दुखण्यावर जास्त लागू. पशुखाद्यात किंवा प्रीमिक्समध्ये मोनेन्सिन (कोठीपोटातल्या जिवाणूंवर काम करणारं औषध) आहे का तेही विचारा. त्यानंही फॅट थोडी उतरते.

लपलेलं तेल मोजा

इथं जरा कागद-पेन घ्या. १८ लिटरची, साडेचारशे किलोची गाय. तिच्या गव्हाणीत काय पडतं आणि त्यात अंदाजे किती स्निग्धांश असतो:

मुरघास १८ किलो: १६० ग्रॅम
हिरवा चारा ८ किलो: ४० ग्रॅम
कडबा २ किलो: ३० ग्रॅम
गोळी पेंड ४ किलो: १४० ग्रॅम
अख्खी सरकी दीड किलो: २७० ग्रॅम
मक्याचं डीडीजीएस (इथेनॉल काढल्यावर उरलेला सुका चोथा) दीड किलो: १३५ ग्रॅम
राईस पॉलिश १ किलो: १४० ग्रॅम
बायपास फॅट २०० ग्रॅम: १७० ग्रॅम

एकूण १,०८५ ग्रॅम. गाय कोरडा अंश (खाद्यातलं पाणी वगळून) खाते साधारण १६ किलो. म्हणजे पावणेसात टक्के. एकूण खाद्यात स्निग्धांशाची कमाल मर्यादा सहा ते सात टक्के धरतात, आणि त्यातला जो भाग बायपास नाही तो पाचच्या आत राहिलेला बरा. इथं तोच साडेपाचच्या वर गेला. शिवाय त्यात मका, सरकी आणि कोंड्याचं तेल आहे, म्हणजे कासेला आडवं जाणाऱ्या प्रकारचं.

या यादीत गेल्या काही वर्षांत नवा आलेला पाहुणा म्हणजे डीडीजीएस. धान्यापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले तसं ते स्वस्तात मिळू लागलं, आणि प्रथिनाच्या हिशोबानं ते चांगलंच आहे. पण त्यात आठ ते बारा टक्के तेल असू शकतं, आणि गोळी पेंडीतही तेच आधीपासून मिसळलेलं असू शकतं. मग आपण वरून घालतो. एका किलोवर जाऊ नका, आणि प्रत्येक लॉटचा बुरशीच्या विषाचा अहवाल मागा. राईस पॉलिश घेतानाही नीट विचारा: कच्च्या पॉलिशमध्ये भरपूर तेल असतं, तेल काढलेल्या कोंड्यात जवळपास नसतं. दुकानात दोन्हीला ‘भाताचा कोंडा’च म्हणतात.

अख्ख्या सरकीला मात्र मी यादीतून शेवटी काढीन. तिचं तेल हळूहळू सुटतं आणि वरच्या तुसाचा धागा रवंथाला मदत करतो. दीड-दोन किलो चालते. भरडून दिली की हा फायदा गेला. आणि आंबोणात गोडंतेल ओतणारे अजूनही भेटतात. दोन दिवस गाय चकाकते, नंतर चारा पचेनासा होतो. ते तेल भाजीत वापरा.

पिशवीत काय आहे

पिशवीवर ‘बायपास फॅट’ एवढंच मोठ्या अक्षरात असतं, पण आत दोन वेगळ्या गोष्टी निघतात. कॅल्शियम साबणात साधारण ८४ टक्के स्निग्धांश आणि सात ते दहा टक्के कॅल्शियम. दुसरा प्रकार पामिटिक आम्लाच्या बारीक मण्यांचा, त्यात स्निग्धांश जवळपास ९९ टक्के. मिशिगन राज्य विद्यापीठात ॲडम लॉक यांच्या गटानं या दोन्हींवर बरंच काम केलंय. ढोबळमानानं निष्कर्ष असा, की पामिटिक जास्त असेल तर दुधातली फॅट वाढायला मदत होते. ओलेइकचा वाटा चांगला असेल तर पचन सुधारतं आणि ऊर्जा गाईच्या अंगाकडेही वळते. म्हणून ताज्या व्यालेल्या, उतरत्या गाईला कॅल्शियम साबण, आणि दोन-अडीच महिने झालेल्या, अंगानं सावरलेल्या पण फॅट कमी असलेल्या गाईला पामिटिकचे मणी, अशी विभागणी करता येते. ताज्या गाईला पामिटिक जास्त दिलं तर फॅट वाढेल, पण ती तिच्या बरगड्यांच्या किमतीवर.

तिसराही प्रकार बाजारात आहे: घट्ट केलेली स्वस्त चरबी आणि भरीला चुनखडीची भुकटी. घट्ट केलेली चरबी कोठीपोटातून सुखरूप जाते, पण पुढं आतड्यात नीट पचत नाही आणि शेणातून बाहेर पडते. घरच्या घरी ढोबळ परीक्षा करता येते. चमचाभर पावडर काचेच्या ग्लासात उकळत्या पाण्यात टाका आणि ढवळा. खऱ्या कॅल्शियम साबणाचा वर ठळक तेलकट थर येत नाही. मग दुसऱ्या ग्लासात गरम व्हिनेगरमध्ये टाका. हळूहळू साबण फुटून तेल वर यायला हवं. नुसताच जोरात फेस आला आणि तळाशी भुकटी बसली तर दुकानदाराला परत करा. ही परीक्षा मण्यांना लागू नाही, ते गरम पाण्यात वितळणारच. खात्री हवी असेल तर प्रयोगशाळेत एकूण स्निग्धांश आणि राखेचं प्रमाण काढून घ्या.

एसएनएफ का पडतो

स्निग्धांश कोठीपोटातल्या जिवाणूंच्या काही कामाचा नाही. त्यांना वाढायला पिष्ट आणि प्रथिन लागतं, आणि दुधातल्या प्रथिनाचा मोठा आधार ते जिवाणूच. मक्याचा भरडा कमी करून त्या जागी बायपास फॅट दिली की ऊर्जा तेवढीच राहते, पण दुधातलं प्रथिन एखाद्या पॉइंटनं (०.१ टक्क्यानं) उतरतं. आधीच ८.५ च्या काठावर असलेल्याला तेवढं पुरे. म्हणून भरडा काढून पावडर घालू नका. आहे त्या संतुलित खाद्यावर घाला, आणि सोयाबीन डीओसीसारखं (तेल काढलेली पेंड) चांगलं प्रथिन राहू द्या. तरी एसएनएफ वर येत नसेल तर प्रत्येक सडाची छुप्या दगडीसाठी चाचणी करा.

गाय तोंड लावत नाही

कॅल्शियम साबणाला साबणाचीच चव आणि वास असतो. पहिल्या दिवशी दोनशे ग्रॅम वरून भुरभुरलं तर काही गाई आख्खं आंबोण सोडतात. ५० ग्रॅमपासून सुरू करा, दर तीन-चार दिवसांनी ५० वाढवा, गोळी पेंडीत नीट कालवा. उघडी पिशवी पावसाळ्यात खवट होते. तोंड बांधून कोरड्या जागी ठेवा. चांगली खाणारी गाय डोस वाढवल्यावर चारा कमी खायला लागली, तर डोस जास्त झालाय.

हिशोब

समजा पावडर १४० रुपये किलो पडली. दोनशे ग्रॅमचे रोजचे २८ रुपये. फॅट ३.३ वरून ३.५ झाली आणि डेअरी पॉइंटला ३० पैसे धरते, तर लिटरमागं ६० पैसे. १८ लिटरला १० रुपये ८० पैसे. नुसत्या फॅटसाठी हा धंदा तोट्याचा. दूध लिटर-सव्वा लिटरनं वाढलं, गाय उतरली नाही आणि वेळेवर माजावर येऊन गाभण राहिली, तरच पैसे वसूल. तुमच्या डेअरीचा दर घालून हे गणित स्वतः करा. मी घेतलेले आकडे उदाहरणापुरते आहेत.

यावरून कुणाला द्यायची तेही ठरतं. लिटरमागं १५ ते २० ग्रॅम, पण दिवसाला २०० ग्रॅमच्या आसपास थांबा. व्यायल्यापासून नव्वद-शंभर दिवस, १५ लिटरच्या वरच्या गाईला. आठ-दहा लिटरच्या, सात महिन्यांच्या गाभण गाईला देऊ नका, तिच्या पाठीवर चरबी चढेल आणि पुढच्या वेताला त्रास होईल. कडक उन्हाळ्यात मात्र थोडी सैल भूमिका घ्यायला हरकत नाही: गाय कमी खाते आणि स्निग्धांश पचवताना शरीरात उष्णता कमी तयार होते. तेव्हाही रात्रीच्या गारव्यात चारा घालणं आणि पाणी सावलीत ठेवणं आधी.

बदल करताना एका वेळी एकच टप्पा घ्या आणि किमान दोन आठवडे थांबा. दुधातली फॅट उतरायला आठ-दहा दिवस लागतात, आणि कारण दूर केल्यावर परत चढायला पंधरा ते वीस. पाचव्या दिवशी ब्रँड बदलणाऱ्याला कशानं काय झालं ते कधीच कळत नाही. क्रम असा ठेवा: पहिले दोन आठवडे कडबा, कुट्टी आणि खुराकाच्या वेळा, त्यातच सोडा. मग डीडीजीएस आणि पॉलिश कमी. तोपर्यंत बायपास फॅट चालू असेल तर आहे तेवढीच ठेवा, नसेल तर सुरू करू नका. महिन्याभरानं रवंथ सुधारून, शेण घट्ट होऊनही एखादी ताजी गाय उतरत असेल, तर तिला, आणि फक्त तिलाच, ५० ग्रॅमपासून चालू करा. बंद करतानाही त्याच पायऱ्यांनी खाली या.